‘यू-डायस’ : संक्षेपाचा अर्थ व त्याची मर्यादा

शैक्षणिक संशोधनाच्या प्रबंधांत ‘यू-डायस’ हा संक्षेप आता इतका रूढ झाला आहे की, त्याची फोड करण्याची गरज सहसा कोणास वाटत नाही. तथापि ही माहिती कशाची गणना करते हे न जाणता आकडे वापरल्यास निष्कर्ष सदोष ठरतो.

१९९४ साली सुरू झालेल्या जिल्हा प्राथमिक शिक्षण कार्यक्रमाच्या गरजेतून ‘डायस’, म्हणजे ‘डिस्ट्रिक्ट इन्फर्मेशन सिस्टिम फॉर एज्युकेशन’, ही व्यवस्था उदयास आली. माध्यमिक शाळांची माहिती निराळी गोळा होई. २०१२-१३ मध्ये दोहोंचे एकत्रीकरण झाले व ‘युनिफाइड’, म्हणजे एकीकृत, या शब्दाचे आद्याक्षर नावाच्या आरंभी आले. २०१८-१९ पासून तिला ‘यू-डायस प्लस’ म्हणतात.

या गणनेचा मूळ घटक शाळा हा होय. प्रत्येक शाळेस अकरा अंकी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन अंक राज्याचे व पुढील दोन जिल्ह्याचे असतात. महाराष्ट्राचा अंक २७ व पुणे जिल्ह्याचा २५ असल्याने कात्रजमधील शाळेचा क्रमांक २७२५ ने सुरू होतो.

कात्रजचेच उदाहरण पुढे नेऊ. लगतची मांगडेवाडी, भिलारेवाडी आदी गावे २०२१ साली पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाली. अशा गावांतील शाळा ज्या वर्षापासून शहरी विभागात नोंदल्या जातील, त्या वर्षी हवेली तालुक्याची ग्रामीण पटसंख्या घटलेली व शहराची वाढलेली दिसेल. प्रत्यक्षात एकाही मुलाने शाळा बदललेली नसेल!

दुसरी मर्यादा अधिक गंभीर आहे. कात्रजच्या एखाद्या बांधकामावर आलेल्या मजुराचे मूल कोणत्याच शाळेच्या पटावर नसेल, तर या माहितीत त्याचे अस्तित्वच नाही. पट हा अंश झाला. छेद, म्हणजे त्या वयाच्या मुलांची संख्या, जनगणनेवरून घ्यावी लागते. २०११ नंतरच्या वर्षांसाठी ती अंदाजानेच काढलेली असते. झपाट्याने वाढणाऱ्या उपनगरात हा अंदाज अपुरा पडल्यास पटनोंदणीचे प्रमाण फुगते, आणि शाळेबाहेरचे मूल त्याआड झाकले जाते.

तिसरी गोष्ट कालक्रमाची. २०२२-२३ पासून शाळेच्या एकूण संख्येऐवजी विद्यार्थीनिहाय नोंद घेतली जाते. त्यामुळे त्यापूर्वीच्या व नंतरच्या वर्षांची सरळ तुलना करणे योग्य नव्हे.

म्हणून अभ्यासकाने कोष्टकाखाली केवळ ‘यू-डायस’ एवढेच लिहून थांबू नये. वर्ष, त्या वर्षीची प्रशासकीय हद्द आणि नोंदीची पद्धती यांचाही निर्देश करावा.