फोटोच्या पाठीमागे नाव लिहा

आम्ही पेशाने कारकून. हजेरीपटावर कामगाराचा नंबर आधी येतो, नाव मागून येते. म्हणूनच की काय, इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील कोळसा खाणींच्या गावांची जुनी छायाचित्रे पाहताना आमचे लक्ष पहिल्यांदा नावांकडेच गेले. वाचक म्हणतील, साता समुद्रापलीकडच्या गोऱ्या खाणकामगारांशी आपला काय संबंध? पण कष्टकऱ्याच्या घरची गोष्ट कुठल्याही मुलखातली असो, ती आपल्याला लवकर कळते.

उत्तर समुद्राच्या काठाने सीहॅम, ईझिंग्टन, होर्डन, ब्लॅकहॉल अशी ही गावे आहेत. येथील कोळशाचे थर पार समुद्राच्या तळाखाली गेलेले होते. माणसे खाली खोदत आणि त्यांच्या डोक्यावर समुद्र असे. ईझिंग्टनच्या खाणीतून १९१० साली कोळसा निघू लागला आणि त्यापाठोपाठ गाव वाढले. होर्डनमध्ये कामगारांसाठी घरांच्या रांगा उभ्या राहिल्या, तेव्हा अनेक गल्ल्यांना नावाऐवजी नुसते आकडे मिळाले. पहिली गल्ली, दुसरी गल्ली, तिसरी गल्ली. मुंबईच्या बीडीडी चाळीत वाढलेल्या आमच्या वाचकांना याचे नवल वाटणार नाही. खाणीत उतरणाऱ्याजवळही नंबर कोरलेला बिल्ला असे. खाली कोण राहिले आणि वर कोण आले, हे त्या बिल्ल्यांवरून कळत असे.

२९ मे १९५१ च्या पहाटे ईझिंग्टनच्या खाणीत कोळसा कापणाऱ्या यंत्राचे दाते कठीण खनिजावर घासले, ठिणगी उडाली आणि खाणीतला वायू पेटला. पाळी बदलण्याची वेळ होती, त्यामुळे दोन पाळ्यांची माणसे सापडली. ८१ कामगार आणि त्यांना वाचवायला उतरलेले दोघे, असे ८३ जण गेले. खाणीबाहेर बातमीची वाट पाहत उभ्या असलेल्या लोकांची छायाचित्रे आजही पाहायला मिळतात. कोणी रडत नाही, कोणी बोलत नाही. नुसते उभे आहेत.

त्याच किनाऱ्यावरील सीहॅमच्या खाणीत ८ सप्टेंबर १८८० रोजी स्फोट होऊन १६० हून अधिक माणसे मेली. मायकेल स्मिथ नावाचा कामगार स्फोटातून वाचला, पण आतच अडकला. हवा संपत चालली असताना त्याने आपल्या पाण्याच्या पत्र्याच्या बाटलीवर पत्नी मार्गारेटसाठी निरोप कोरून ठेवला. त्या दिवशी गेलेल्या कित्येकांची आज आठवणही उरलेली नाही. स्मिथचे नाव मात्र उरले, कारण त्याची अक्षरे उरली.

परंतु केवळ अपघात म्हणजे गावाची आठवण नव्हे. खाणीतला टाकाऊ दगड व माती वर्षानुवर्षे समुद्रात लोटली गेल्याने हे किनारे काळेकुट्ट झाले होते. लाटांबरोबर वाहून आलेला कोळसा वेचून माणसे सायकलवर पोती लादून नेत. मार्च १९८४ ते मार्च १९८५ असा वर्षभर खाणकामगारांचा मोठा संप चालला, तेव्हा ईझिंग्टनच्या बायकांनी एकत्र स्वयंपाकघर चालवून संपकऱ्यांच्या घरांना जगवले. कीथ पॅटिसन या छायाचित्रकाराने त्या काळात ईझिंग्टनमध्ये मुक्काम करून काढलेली छायाचित्रे २०१० साली पुस्तकरूपाने आली. त्यांत पुढाऱ्यांपेक्षा गल्लीतली माणसे जास्त आहेत.

संप हरला. होर्डनची खाण १९८७ साली बंद पडली. १९९३ साली ईझिंग्टनचीही बंद झाली आणि सुमारे १,४०० कामगारांचा रोजगार गेला. पुढे १९९७ ते २००२ या काळात किनारा साफ करण्यात आला. हे चांगलेच झाले. मात्र तो काळा किनारा आणि खाणीवरची उंच चाके आता केवळ छायाचित्रांत आणि म्हाताऱ्यांच्या बोलण्यात आहेत.

याच परगण्यात १९७० साली बीमिश येथे लोकजीवनाचे संग्रहालय स्थापन झाले. त्याचे पहिले संचालक फ्रँक ॲटकिन्सन यांचे धोरण साधे होते. लोक जे देतील ते घ्यायचे, हे मोठे आणि ते क्षुल्लक असा भेद करायचा नाही. चुलीवरचे भांडे आले, कामाचा बूट आला, घरातला फोटो आला. गरिबाच्या घरची वस्तू हासुद्धा इतिहासच आहे, हे त्यांनी ओळखले होते.

आता आपल्या घराकडे येऊ. बीडीडी चाळी पाडल्या जाऊ लागल्या आहेत. सामान हलवताना ओळखीच्या एका आजींच्या ट्रंकेतून महिला मंडळाचा जुना फोटो निघाला. नऊवारी नेसलेल्या एकोणीस बायका. आजींनी बोट ठेवून अकरा जणींची नावे सांगितली. ‘बाकीच्या पुढच्या रविवारी आठवून सांगते, वही घेऊन या,’ म्हणाल्या. आम्ही कार्यकर्ते माणसे, सभा निघाली, काम निघाले. वही घेऊन गेलो तेव्हा महिना उलटला होता आणि आजी नव्हत्या. उरलेल्या आठ जणींची नावे सांगणारे आता कोणी नाही. ही चूक आमची आहे.

म्हणून भगिनींनो आणि बंधूंनो, या रविवारी घरातल्या वडीलधाऱ्यांना शेजारी बसवा आणि ट्रंक उघडा. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने, जोर न देता, डावीकडून उजवीकडे नावे लिहा. गाव, साल आणि प्रसंग लिहा. फोटोतली माणसे कुठे कामाला होती, तेही लिहा. जे नक्की नाही त्यापुढे प्रश्नचिन्ह टाका. मुलांकडून मोबाइलवर दोन्ही बाजूंचा फोटो काढून घ्या आणि नातेवाइकांना पाठवा. कोणीतरी प्रश्नचिन्ह खोडून नाव सांगेल. पुढच्या रविवारची वाट पाहू नका.