सीताफळाचे बी, उवा आणि डोळे

बालाघाटच्या डोंगररांगेतील सीताफळ हे बीड जिल्ह्याचे वैभव होय. २०१६ मध्ये त्यास भौगोलिक मानांकनही लाभले. आश्विन-कार्तिकात धारूर, पाटोदा, आष्टी या भागांत घरोघरी फळ येते आणि गर खाऊन उरलेले बी पुष्कळ घरांत वाळवून ठेवले जाते. त्याच सुमारास ऊसतोड कुटुंबे कारखान्यांकडे निघतात. कोपीत एका गोधडीत डोक्याला डोके लावून निजणाऱ्या मुलांत उवा पसरावयास वेळ लागत नाही. मग तेच बी कुटून, तेलात कालवून केसांना चोळले जाते.

या पुडीने उवा मरतात, हे नाकारण्याचे कारण नाही. बियांतील ॲसिटोजेनिन द्रव्ये कीटकाच्या पेशींतील ऊर्जानिर्मितीच रोखतात. परंतु न्हाताना तेच पाणी कपाळावरून डोळ्यांत उतरते. कृष्णमंडलाचा वरचा स्तर सोलवटतो. तीव्र वेदना, लाली, अश्रुस्राव होतो आणि उजेड सहन होत नाही. भारतीय नेत्रतज्ज्ञांनी असे रुग्ण वैद्यकीय नियतकालिकांत नोंदविले आहेत. अशा वेळी डोळा किमान पंधरा मिनिटे स्वच्छ पाण्याने धुवावा, मध, तूप वा अंजन काहीही घालू नये, आणि रुग्णास त्वरित नेत्रतज्ज्ञाकडे पाठवावे. ‘वनस्पतीच आहे, अपाय काय होणार?’ हे वाक्य निदान वैद्याच्या तोंडी शोभत नाही.

वास्तविक आपल्या शास्त्राने याहून सोपा मार्ग दाखविला आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानातील सातव्या अध्यायात यूका हे बाह्य मलज कृमी सांगितले असून त्यांच्या चिकित्सेत अपकर्षण, म्हणजे ओढून काढणे, यास स्थान आहे. आपल्या आजीची बारीक दातांची फणी म्हणजे हेच अपकर्षण. केस ओले करून भरपूर खोबरेल तेल लावावे. तेलाने ऊ संथावते. मग बटा पाडून मुळापासून टोकापर्यंत फणी फिरवावी व प्रत्येक वेळी ती पांढऱ्या फडक्यावर पुसावी. लिखेतून ऊ बाहेर पडण्यास सात ते दहा दिवस लागतात. म्हणून दर तीन-चार दिवसांनी, असे दोन आठवडे हे करावे. एकदाच विंचरून थांबल्याने उवा पुन्हा दिसतात आणि दोष औषधाला दिला जातो. घरातील सर्वांची डोकी एकाच दिवशी तपासावीत. डोक्यावरून पडलेली ऊ एक-दोन दिवसांत मरते. तेव्हा घरभर औषध फवारणे व्यर्थ आहे. मुलीचे मुंडन करण्याचीही काहीएक आवश्यकता नाही.

निंब वा करंज तेल साहाय्यक म्हणून वापरता येईल, पण त्यावरच विसंबू नये. धोत्र्याच्या रसाने सिद्ध तेले लहान मुलांस देऊ नयेत. उपद्रव फार असल्यास एक टक्का परमेथ्रिनचे लोशन सूचनेप्रमाणे लावून सुमारे नऊ दिवसांनी पुन्हा लावण्यास सांगावे. त्यात कमीपणा नाही. रॉकेल पेट घेते, आणि कपाशीवरील फवारणीचे औषध टाळूतून शोषले जाऊन जिवावर बेतू शकते. हे दोन्ही निक्षून बंद करावयास हवे.

औषधालयचालकांनी सीताफळाच्या बियांची सुटी पूड उवांसाठी विकू नये. त्या जागी धातूच्या बारीक दातांच्या फण्या ठेवाव्यात, आणि त्या दसऱ्यापूर्वी, टोळ्या गाव सोडण्याआधी ठेवाव्यात.