सरकारी घरकुल : अनुदान कोणते, व्याज कोणते?

शिवणकाम करणारे आमचे एक गिऱ्हाईक मागे विचारत होते, "सेठ, सरकारी घरकुल घेतले तर व्याजात पडावे लागेल का?" असा समज आपल्या बऱ्याच बांधवांचा आहे आणि त्यापायी कित्येक जण अर्जच करीत नाहीत. म्हणून हा हिसाब मांडत आहे.

स्वातंत्र्यानंतर केंद्र सरकारचे लक्ष प्रथम निर्वासितांकडे व कारखान्यांतील मजुरांकडे होते. मजुरांसाठी अनुदानित घरांची योजना १९५२ साली आली. १९७० साली हुडको स्थापन झाले. त्याचे काम मुख्यतः गृहनिर्माण मंडळांना कर्ज देण्याचे. खेड्यातील गरिबाला थेट मदत मिळाली ती १९८५ च्या इंदिरा आवास योजनेतून. सुरुवातीला ती अनुसूचित जाती-जमाती व मुक्त वेठबिगारांसाठीच होती. १९९३-९४ पासून इतर गरिबांनाही दार उघडले आणि २००६ च्या पंधरा कलमी कार्यक्रमात अल्पसंख्याकांसाठी १५ टक्के उद्दिष्ट राखले गेले. २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) ने घेतली. सपाट प्रदेशात रक्कम १ लाख २० हजार ठरली. हे सरळ अनुदान होय. परतफेड नाही, व्याज नाही.

घोटाळा झाला तो शहरी योजनेत. जून २०१५ मध्ये एकाच नावाखाली चार वेगवेगळे भाग सुरू झाले. त्यांपैकी एक बँकेच्या कर्जावरील व्याजात सवलतीचा : पहिल्या ६ लाखांवर साडेसहा टक्के. मार्च २०२२ मध्ये तो बंद झाला. परंतु बिल्डरांच्या जाहिरातीत हाच भाग मोठ्या अक्षरात असे. साहजिकच लोकांनी सगळी योजना कर्जाचीच मानली. वास्तविक स्वतःच्या जागेवर घर बांधणाऱ्यास केंद्राचे दीड लाख व राज्याचे एक लाख, असे अडीच लाख अनुदान होते. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टप्प्यातही व्याज सवलत वेगळी आणि हे अनुदान वेगळे आहे. अर्ज भरताना कोणत्या भागावर खूण करतो ते पाहावे. अनुदानासाठी कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न ३ लाखांच्या आत हवे व देशात कोठेही पक्के घर नसावे. घर बाईच्या नावे किंवा तिच्या सहमालकीने होते. ही अट मला फार पसंत आहे.

खरी अडचण व्याजाची नाही, कागदाची आहे. आपल्या मराठवाड्यातील शहरांत कित्येकांनी बॉण्ड पेपरवर गुंठा-दोन गुंठे घेतले. पैसे दिले, पत्रे टाकले, राहू लागले. सातबारावर नाव मात्र मूळ मालकाचे. मालकी सिद्ध झाली नाही तर अनुदान नाही. अशा जागा नियमित करण्यासाठी राज्यात २००१ चा गुंठेवारी कायदा आहे. शुल्क भरावे लागते, चकरा माराव्या लागतात. तरीही आधी ते काम करावे.

दुसरे असे की, रक्कम एकदम हातात येत नाही. बांधकामाचा टप्पा पूर्ण झाला, फोटो व तपासणी झाली की हप्ता जमा होतो. तोपर्यंत सिमेंट-लोखंड उधारीवर आणावे लागते आणि गरीब माणूस सावकाराकडे जातो तो येथेच. व्याज शिरते ते या वाटेने. मोहल्ल्याच्या बैतुलमालने दोन-तीन महिन्यांच्या मुदतीचे कर्जे-हसना याच कामासाठी राखावे. हप्ता जमा झाला की पैसा परत येतो आणि पुढच्या घराला देता येतो.