विश्वास आणि पहारा



आपल्या खिशातल्या फोनमध्ये दुसऱ्यांनी लिहिलेले प्रोग्राम चालतात. पगाराचे पैसे, मुलाबाळांचे फोटो, दिवसभर आपण कोठे गेलो याचा माग, हे सारे त्यांच्या हाताशी असते. तेव्हा या परक्यांना किती मोकळीक द्यावी, हा प्रश्न एकट्या इंजिनियरांचा नव्हे. तो आपलाही आहे.

याला दोन उत्तरे आहेत. पहिले गेटवरचे: बिल्ला पाहा, सही कोणाची ते तपासा, मग आत सोडा. दुसरे खात्यातले: माणूस कोणीही असो, काम चालू असताना तो कशाला हात लावतो ते पाहा. पहिला विश्वास, दुसरा पहारा.

जावा या भाषेने दोन्ही करून पाहिले. १९९६ साली बाहेरून आलेला प्रत्येक प्रोग्राम कुंपणात कोंडला जाई. त्यामुळे उपयोगी कामही अडे. १९९७ मध्ये सहीची सोय आली. सही विश्वासू ठरली की सगळी दारे खुली. १९९८ मध्ये दोहोंचा मेळ घातला गेला: सहीवरून मोजके अधिकार मिळत आणि धोक्याच्या प्रत्येक क्रियेपूर्वी ते तपासले जात. परंतु नियम लिहिणे किचकट, म्हणून वापर थोडा. २०२५ मध्ये ती यंत्रणा कायमची बंद झाली.

तत्त्व मात्र खोटे ठरले नाही. डिसेंबर २०२० मध्ये उघडकीस आले की, अमेरिकेतील सोलरविंड्स कंपनीच्या ओरायन या सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीत घुसखोरांनी आपला कोड मिसळला होता. सही खरी, कंपनीही खरी. माल तेवढा बाटलेला! तो १८,००० च्या आसपास ग्राहकांपर्यंत गेला. म्हणजे नुसत्या बिल्ल्याने भागत नाही.

उलट, प्रत्येक पावलावर पहारा ठेवला तर काम मंदावते. म्हणून २०१० च्या सुमारास इटलीतील काही संशोधकांनी असा मार्ग मांडला: प्रोग्रामाने आपण काय करणार याचा करारनामा सोबत आणावा. देणारा विश्वासू असेल तर करार पाळला जातो एवढेच पाहावे. नसेल तर फोनच्या मालकाचे नियम पावलोपावली बजावावेत. करार मोडला की विश्वास घटावा.

आपणा कामगारांना हे नवे नाही. करारावर सह्या झाल्या म्हणून युनियन घरी जात नाही; कराराची अंमलबजावणी होते की नाही, हे ती रोज पाहते. येथेही शेवटी एकच विचारावयाचे: नियम कोण लिहितो? ज्याच्यावर पहारा ठेवायचा त्यानेच ते लिहिले, तर तो पहारा नव्हे.