मुलांना मुंबई दाखवा, पण नीट दाखवा!

उन्हाळ्याची सुट्टी लागली की बीड, अंबाजोगाई, माजलगावच्या नोकरदार घरांत मुंबईचा विषय निघतो. मुलगा-मुलगी सातवी-आठवीत असतात, हट्ट धरतात. मग ‘मुंबई दर्शन’ची बस ठरते. नटांचे बंगले, चौपाटी, भेळ, गेटवेपुढे फोटो आणि परत! पैसा जातो, मुलांच्या पदरात काय पडते?

याच जिल्ह्यातली दुसरी मुले दिवाळीच्या सुमारास आईबापाच्या कोयत्यामागे गाव सोडतात आणि उसाच्या फडावर पोचतात. प्रवास त्यांच्या वाट्याला येतो, सहल येत नाही. म्हणून ज्यांना सहल परवडते त्यांनी ती वाया घालवू नये. जमल्यास वस्तीतले असे एक मूल, त्याच्या आईबापाला विचारून, सोबत न्यावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

पहिला दिवस परळ-दादरचा ठेवा. परळच्या बीआयटी चाळीत १९१२ पासून सुमारे दोन दशके बाबासाहेबांचा संसार होता. पुढे हिंदू कॉलनीत ग्रंथांसाठी त्यांनी राजगृह बांधले. चाळ आणि राजगृह मुलाने एकाच दिवशी पाहावे आणि सायंकाळी चैत्यभूमीवर जावे. ६ डिसेंबरला आपण लाखोंनी जातो, जायलाच हवे. पण त्या गर्दीत मुलाचा हात सुटू नये हीच चिंता असते. त्याच्या प्रश्नांना उत्तर द्यायला उसंत कुठली?

दुसरा दिवस फोर्टचा. १९४६ साली स्थापन झालेले सिद्धार्थ महाविद्यालय पाहा. ओव्हल मैदानावरून उच्च न्यायालयाची इमारत दाखवा. १९२३ साली बाबासाहेबांनी वकिली सुरू केली ती या न्यायालयात. जवळच चर्चगेटला शासकीय विधी महाविद्यालय आहे, १९३५ साली ते तिथे प्राचार्य झाले. आमच्या पक्षकारांच्या मुलांना कोर्ट म्हणजे तारीख आणि वॉरंट एवढेच ठाऊक असते. तिथे आपला माणूस काळा कोट घालून उभा राहिला होता, हे त्यांना त्या इमारतीसमोरच सांगितले पाहिजे.

तिसरा दिवस बोरिवलीच्या कान्हेरी लेण्यांचा. शंभरहून अधिक लेणी आहेत आणि त्यांच्याशेजारी खडकात खोदलेली पाण्याची टाकी. पावसाचे पाणी डोंगरावरच अडवून वर्षभर पुरवण्याची भिक्खूंची ती व्यवस्था होती. टँकरपुढे घागर घेऊन उभ्या राहिलेल्या आमच्या मुलांना ती लगेच कळेल. तिथल्या शिलालेखांत कल्याण-सोपाऱ्याच्या व्यापाऱ्यांबरोबर सोनार-लोहारांचीही दाने नोंदलेली आहेत. कष्टकऱ्यांचे नाव दगडावर कोरले जात होते, हा इतिहास दर्शन-बसमधून दिसत नाही.

आता आखणीचे. ती मुलावरच सोपवा. नकाशा, गाड्यांच्या वेळा, जेवणाचा खर्च, सारे त्याच्या वहीत असू द्या. एसटीत बारा वर्षांवरील मुलाला पूर्ण तिकीट लागते, तर मायलेकींना २०२३ पासून निम्मे, हा हिशेब त्यालाच करू द्या. सोमवारी बोरिवलीचे राष्ट्रीय उद्यान बंद असते, हेही त्यानेच शोधावे. दिवसाला दोन-तीनच ठिकाणे घ्या, ऑफिसच्या वेळेची लोकल टाळा. घरचा फोन नंबर मुलाला तोंडपाठ हवा. चुकामूक झाली तर कुठे भेटायचे, हे आधीच ठरवा. मुलगी असेल तर आखणीची वही तिच्याच हाती द्या. ‘तुला काय कळते’ म्हणणारे घरात बरेच असतात, तुम्ही त्यांत नसावे.

मुंबई परवडत नसेल तर छत्रपती संभाजीनगर जवळ आहे. १९५० साली बाबासाहेबांनी सुरू केलेले मिलिंद महाविद्यालय आणि नागसेनवनाचा परिसर, शिवाय तिथली बौद्ध लेणी दोन दिवसांत पाहून होतात.

शहरात मोलमजुरीला जाणारे हात आम्ही पिढ्यानपिढ्या पुरवले. आता आपल्या मुलांनी तिथे शिकायला, वकिली करायला, ग्रंथालयात बसायला जावे. त्यासाठी ते शहर आपलेही आहे, हे त्यांना वेळीच दिसले पाहिजे. पालकांनो, या सुट्टीत वही-पेन्सिल आणा आणि मुलांना आखणीला बसवा!