वाकडं पान, उतावळं बी

मे महिना, दुपारचे दोन. जळगावात पारा 45 अंशांच्या आसपास. रस्त्यावर चिटपाखरू नाही. गेली कुठे सगळी? तीन कुत्री, दोन बकऱ्या आणि एक कुल्फीवाला, सगळे एकाच झाडाखाली! निंबाच्या.

गंमत म्हणजे आपण माठ बाहेर काढतो, तेव्हाच हे झाड पानं गाळून बसतं. मग फुटते तांबूस, लुसलुशीत पालवी. गुढीपाडव्याला तोंड वेंगाडत आपण चावतो ना, तीच! मेपर्यंत डोक्यावर हिरवीगार छत्री तयार. मुळांनी खोलवरून ओढलेलं पाणी पानांतून वाफ होऊन उडतं, म्हणून ही सावली गार लागते. पटत नसेल, तर आधी पत्र्याच्या शेडखाली उभे राहा आणि मग इथे या.

पण हा निंबच कशावरून? बकाण निंबाला निंब समजून मीही फसलोय. काडीवरचं एक दातेरी पान तोडा आणि देठापाशी नीट बघा. मधल्या शिरेची एक बाजू वरून सुरू होते, दुसरी खालून. जणू शर्टाचं बटण चुकलंय! बकाणाच्या काडीला आणखी काड्या फुटतात आणि पानं त्यांच्यावर येतात. त्याची फुलं जांभळट, निंबाची पांढरी. बकाणाची फळं मात्र विषारी, ती तोंडात घालायची नाहीत हं.

निंबाची निंबोळी पिवळी झाली की गरापुरती गोड. कवयित्री बहिणाबाईंच्या आसोद्याकडची बोली तिला ‘निंबोयी’ म्हणते. साळुंक्या, बुलबुल ती खातात आणि बी टाकतात. धुळ्याकडे शेताच्या बांधावर कुणी न लावलेले निंब दिसतात, त्यांतले कितीतरी या पाखरांनी लावलेले!

तुम्हालाही लावायचाय? मग घाई करा. हे बी डबीत ठेवून पुढच्या वर्षी पेरू म्हटलं तर जमत नाही, काही आठवड्यांतच त्याची उगवायची ताकद संपते. जून-जुलैत खाली पडलेल्या पिवळ्या निंबोळ्या वेचा, पाण्यात चोळून गर काढा, बिया सावलीत सुकवा आणि लगेच बोटाच्या एका पेराइतक्या खोल पेरा. दुधाची रिकामी पिशवी चालेल, फक्त तळाला भोकं पाडा.

दोन-तीन आठवड्यांत कोंब दिसेल. त्याची पहिली पानं मोठ्या निंबासारखी दिसत नाहीत. ‘हे काय भलतंच उगवलं’ म्हणून उपटू नका!