गौरव झाला, वर्ग मोडला

1959 साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली, तेव्हा तिचा श्रीगणेशा देवळात होई. गाव ग्रामदैवतासमोर जमायचं आणि निरक्षरतेचा कलंक पुसून टाकण्याची शपथ घ्यायचं. मग दिवसभराची कामं उरकली की रात्री वर्ग भरायचे. शिकवायला बाहेरून कोणी येत नसे. गावातलेच शिक्षक आणि चार इयत्ता शिकलेली पोरं शिकवायची. सगळे लिहू-वाचू लागले की ग्रामगौरव समारंभ. गाव नटायचं, पाहुणे यायचे आणि कालपर्यंत अंगठा उठवणारी माणसं चारचौघांत वाचून दाखवायची. पुढे दोन-चार वर्षांतच ही मोहीम राज्यभर पसरली.

मला या समारंभाचं मोल फार वाटतं. प्रौढ माणसाला अक्षरांपेक्षा लाजेशी जास्त झगडावं लागतं. नातवाच्या वयाच्या मुलापुढे पाटी धरायची, तीही साऱ्या गल्लीच्या देखत! ती लाज एकट्याने जात नाही. सगळं गावच शिकायला बसलं की कुणी कुणाला हसत नाही, हे त्या कार्यकर्त्यांनी नेमकं ओळखलं होतं.

आपल्याकडे या कामाची मुळं जुनी आहेत. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये पुण्यात शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा काढली होती. बाळासाहेब खेरांच्या सरकारच्या कारकिर्दीत, 1939 साली, मुंबईतही साक्षरतेची मोठी मोहीम झाली. तरीही 1951 च्या जनगणनेत देशातली साक्षरता जेमतेम 18.33 टक्के निघाली. त्यावरून साताऱ्याच्या गावांनी केवढं ओझं उचललं होतं याची कल्पना यावी.

पण समारंभ एकदाच व्हायचा. मांडव उतरला की कंदील विझायचा आणि हातात वाचायला काही नसल्यामुळे वर्षभरात जोडाक्षरं निसटायची, मग साधी अक्षरंही. सही तेवढी उरायची. दोष शिकणाऱ्यांचा नव्हता. साध्या मराठीत, ठळक टाइपात छापलेलं पुस्तक त्यांच्या घरापर्यंत पोचवायला आपण कमी पडलो.

1978 चा राष्ट्रीय प्रौढशिक्षण कार्यक्रम, 1988 चं साक्षरता अभियान, 2009 चा ‘साक्षर भारत’: दर वेळी नवं नाव, नवी पुस्तिका. ‘साक्षर भारत’मध्ये दरमहा दोन हजार रुपये मानधनावर प्रेरक गावोगावी लोकशिक्षण केंद्र सांभाळत होते. मार्च 2018 मध्ये योजना संपली आणि केंद्रंही थंडावली. पुढची दीर्घ मुदतीची योजना यायला 2022 उजाडलं. मधली चार वर्षं त्या नवसाक्षरांनी काय वाचलं असेल, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

ही 2022 ची योजना म्हणजे ‘उल्लास’. 17 मार्च 2024 रोजी राज्यात चार लाखांहून अधिक जणांनी वाचन, लेखन आणि संख्याज्ञानाची परीक्षा दिली. प्रत्येकी 50 असे 150 गुण. सुनेने शिकवलेल्या सासूबाई, नातवाने शिकवलेले आजोबा. 2011 च्या जनगणनेत राज्याची साक्षरता 82.34 टक्के होती, पण स्त्रियांची 75.87. म्हणूनच अशा वर्गात बायाच अधिक दिसतात.

मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर सरांनी 8 मार्च 2016 रोजी आजीबाईंची शाळा सुरू केली. गुलाबी लुगडी नेसलेल्या त्या आज्यांचे फोटो जगभर गेले. मला आठवते ती शाळेमागची त्यांची इच्छा. त्यांना आपली आपण पोथी वाचायची होती.

8 सप्टेंबरला जागतिक साक्षरता दिनाचे मेळावे होतात, प्रमाणपत्रं वाटली जातात, उत्तम शिकवणाऱ्यांचा सत्कार होतो. हे सारं व्हावंच. फक्त गेल्या वर्षी आणि त्याच्या आदल्या वर्षी उत्तीर्ण झालेल्यांनाही आवर्जून बोलवावं. पहिल्या रांगेत बसवावं. त्यांच्या हाती त्या दिवशीचं वर्तमानपत्र द्यावं आणि भाषणांआधी अर्धा तास त्यांना वाचू द्यावं.